मनोहरभाऊंचं गरुडद्वीप

मिहानमधल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत पस्तिशी-चाळिशीची अकरा माणसं दर शुक्रवारी दुपारी काळे झगे घालून कँटीनमध्ये बसतात. झग्याच्या पाठीवर गरुड छापलेला असतो. एरवी ही माणसं मुलांचा अभ्यास घेतात, आईबापांना डॉक्टरकडे नेतात, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळतात. शुक्रवारी मात्र प्लास्टिकची तलवार टेबलावर ठेवून 'गरुडद्वीप' नावाच्या, लहानपणी पाहिलेल्या पाच भागांच्या परदेशी सिनेमावरून एकमेकांच्या अंगावर धावून जातात. त्या अकरांत मी आहे. झगा माझ्याकडेही आहे. तेव्हा पुढे मी जे काही टाकून बोलेन, त्यातला माझा वाटा मी आधीच उचलला आहे असं समजावं.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका शुक्रवारी मी म्हणालो, "काही म्हणा, धाकटा भाऊ मोठ्याला पुलावर पाठ दाखवून निघून जातो, त्या सीनला तोड नाही."

मग एकानं विचारलं, "कोणता भाऊ?"

"म्हणजे काय? हिरो आणि तो काळ्या कोटातला. सख्खे भाऊ."

"एडन आणि कॅप्टन मॉर्वेन? भाऊ? तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या सगळ्या नंदनवन वस्तीला माहीत आहे," मी म्हणालो. त्यावर जे हसले, ते पुढचे दोन आठवडे हसत राहिले. लिफ्टमध्ये मला कोणी भेटलं की 'काय, भाऊ बरे आहेत ना?' असं विचारायचे.

चिडून मी शनिवार-रविवार दोन दिवस घरात बसलो आणि पाचही भाग पाहिले. इंग्रजीत, खाली नीट अक्षरं असलेले. सांगायला लाज वाटते, पण चोवीस वर्षं स्वतःला भक्त म्हणवणाऱ्या मी तो सिनेमा लहानपणानंतर एकदाही पाहिला नव्हता. आणि सिनेमा भिकार आहे. हिरोच्या चेहऱ्यावर पाच भागांत एकच भाव आहे, तोही बहुधा बूट घट्ट असल्यामुळे आलेला. गरुडाच्या पंखाला धरून ठेवणारी तार स्वच्छ दिसते. हिरो आणि तो कॅप्टन यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. गरुडाची अंडी कोणी न्यायची एवढाच त्यांचा तंटा. चौथ्या भागापर्यंत तर एकमेकांचं नावही त्यांना ठाऊक नसतं. दहा तास मी पडद्यापुढे बसलो आणि माझं लहानपण त्यात कुठेच सापडलं नाही. सापडणार तरी कसं? ते एडननं घडवलं नव्हतं, मनोहरभाऊ केबलवाल्यांनी घडवलं होतं.

मनोहरभाऊ आमच्या गल्लीत राहायचे, अजूनही राहतात. उंच, काटकुळे, कमरेला पक्कड, शर्टाच्या खिशात कंगवा. विजेच्या खांबावर ते रबरी चपला घालून चढत आणि वर पोचले की पहिल्यांदा केस विंचरत. खाली उभं राहून लोक म्हणत, "भाऊ, चित्र हलून राहिलं." त्यावर वरून उत्तर यायचं, "चित्र नाही हलून राहिलं, तुमचं डोकं हलून राहिलं. टीव्हीच्या मागची वायर पाहा, भैताडहो." आणि वायर खरोखरच सुटलेली असायची. त्यामुळे त्यांचा कोणाला राग धरता यायचा नाही, आणि ते आणखी शेफारायचे.

जगातली कुठलीही गोष्ट मनोहरभाऊंना पसंत पडल्याचं मी पाहिलेलं नाही. क्रिकेट म्हणजे उन्हात उभं राहण्याची नोकरी. हॉटेलातलं जेवण म्हणजे काल उरलेलं. कोणी नवी गाडी घेतली की तिच्याभोवती एक चक्कर मारून "रंग चांगला आहे. इंजिन आहे का आत?" असं विचारायचे. बारावीत पहिल्या आलेल्या पोरीचे पेढे खाताना म्हणाले, "पेपर सोपा होता वाटते." आम्हा पोट्ट्यांना हे सगळं फार थोर वाटायचं. मोठा झाल्यावर आपणही असंच सगळ्याला नाक मुरडायचं असं मी ठरवलं होतं, आणि ते मात्र जमलं.

गच्चीवरच्या सिमेंटपत्र्याच्या खोलीत त्यांचं केबलचं सामान होतं. तिथून ते तीन गल्ल्यांपुरतं स्वतःचं एक चॅनल चालवायचे. त्यावर सकाळी आरत्या आणि बुद्धवंदना, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि रविवारी दुपारी तीनला सिनेमा. शुभेच्छांसाठी एक माइक होता. त्यावरून "चिरंजीव अमुक याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, आता तरी आईचं ऐकत जा" असं ते आपल्या पदरचं घालून वाचत.

'गरुडद्वीप'च्या सीड्या त्यांना सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळाल्या. पहिला भाग हिंदीत होता, तो सगळ्यांनी डोक्यावर घेतला. दुसरा लावला तर तो इंग्रजीत, आणि खाली चिनी अक्षरं. पाच मिनिटांत फोन सुरू झाले. फोन उचलून कंटाळलेल्या मनोहरभाऊंनी माइक चालू केला आणि आमच्या घराघरांतल्या टीव्हीतून त्यांचा आवाज आला, "ओरडू नका. मी सांगतो काय चाललं ते. खाली जे लिहून येऊन राहिलं, ते तुमच्या कामाचं नाही."

मनोहरभाऊंना इंग्रजी येत नव्हतं. सिनेमा आधी पाहून ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्यामुळे आमच्यासोबतच तेही पहिल्यांदा पाहायचे आणि पाहता पाहता गोष्ट ठोकून द्यायचे. हिरोचं नाव त्यांनी 'धाकला' ठेवलं. जादूगार म्हातारा झाला 'बुवा'. आणि काळ्या कोटातला कॅप्टन पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा ते क्षणभर थांबले. चहाचा एक मोठा फुरका माइकवर ऐकू आला. मग म्हणाले, "हा मोठा. धाकल्याचा सख्खा भाऊ. नाकं पाहा दोघांची."

आम्ही नाकं पाहिली. सारखीच दिसली.

या ठिकाणी मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती गल्लीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना ठाऊक होती, फक्त आम्हाला नव्हती. मनोहरभाऊंच्या घराला लागून, मध्ये एक भिंत सोडून, त्यांचे थोरले भाऊ श्रीधरराव राहायचे. सरकारी कचेरीत कारकून, घराण्यातले पहिले पदवीधर, इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणारे. मनोहरभाऊंच्या मुलीच्या बारशाला, भरल्या मांडवात, श्रीधररावांच्या साहेबांनी सहज विचारलं होतं, "तुमचा भाऊ काय करतो?" आणि श्रीधरराव म्हणाले होते, "सांगायले लाज वाटते साहेब. खांबावर चढतो." पाहुणे हसले. मनोहरभाऊ हातातलं पेढ्यांचं ताट खाली ठेवून गच्चीवर गेले, ते जेवायला खाली आलेच नाहीत. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बायका बोलत. भाजीच्या वाट्या भिंतीवरून इकडून तिकडे जात. केबलची मुख्य वायर श्रीधररावांच्या गच्चीवरून पुढच्या चाळीस घरांना गेली होती, ती त्यांनी कधी तोडली नाही. पण माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, आणि मनोहरभाऊंना तो एक शब्द हवा होता. दुसरं काही नको होतं.

आता कळतं की दर रविवारी तीन वाजता गच्चीवरच्या त्या खोलीत माइक हातात घेऊन बसलेला माणूस आम्हाला गोष्ट सांगतच नव्हता. तो भिंतीपलीकडच्या एका घराशी बोलत होता. आम्ही उगीच मध्ये बसलो होतो, डोळे फाडून.

"पाहा," तिसऱ्या भागात मनोहरभाऊ म्हणाले, "मोठ्यानं चारचौघांत धाकल्याचा पाणउतारा केला. काहून केला? तर म्हणे धाकला झाडावर चढते. अरे, तो चढते म्हणून तर तुले खालून फळं भेटतात, बिनडोक!" पडद्यावर तेव्हा हिरो फक्त एका माडावर चढून दूरचं जहाज पाहत होता. आम्हाला मात्र त्या मोठ्याचा असा संताप आला की माझ्या मित्रानं टीव्हीवर चप्पल फेकली.

एकदा निवृत्त इंग्रजीच्या सरांचा फोन आला. सर सज्जन. त्यांनी फक्त एवढंच कळवलं की हे दोघं भाऊ नाहीत, संवादात तसं काही नाही. मनोहरभाऊंनी सिनेमा चालू ठेवून माइकवर जाहीर केलं, "एका सरांचा फोन आला. सर म्हणतात हे भाऊ नाहीत. सर, तुमचे दोन्ही पोरंही एकमेकाचे भाऊ दिसत नाहीत, पण आम्ही कधी फोन केला का? बसा आता." सरांनी पुढच्याच महिन्यात कनेक्शन काढलं. गल्लीनं सरांना वेड्यात काढलं.

हिरो हिरोइनच्या जवळ जाऊ लागला की पडद्यावर एका पिठाच्या गिरणीची जाहिरात यायची आणि मनोहरभाऊ म्हणायचे, "हे दोघं आता लग्नाची तारीख ठरवून राहिले, तोवर पाणी पिऊन घ्या." पाच भागांत त्यांनी एकोणीस वेळा तारीख ठरवली. सिनेमा पुन्हा पाहताना मी तसे सीन मोजले.

चौथ्या भागात वादळ आहे. कॅप्टन जहाजाच्या टोकाला एकटा उभा असतो, तीन-चार मिनिटं संवाद नाही, नुसता वारा. त्या दिवशी मनोहरभाऊंचा आवाज उतरला होता. "मोठा एकटाच उभा आहे पाहा. घरी बायको आहे, पोरं आहेत, सगळं आहे. पण अकड जात नाही. धाकला तिकडे वाट पाहून राहिला. एक हाक मारायले याच्या बापाचं काय जाते? आणि बाप तरी कोण? दोघांचा एकच." मे महिना होता, दारं-खिडक्या उघड्या, कूलर घरघरत होते, आणि तरीही चाळीस टीव्हींतला तो एकच आवाज गल्लीभर ऐकू येत होता. माझी आई भांडी घासता घासता थांबली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. सिनेमा पाहून आई रडली असं मी शाळेत सांगत सुटलो. किती मठ्ठ होतो मी!

श्रीधरराव हे ऐकत होते का? ऐकत होते. त्यांच्या बायकोनं, शालूवहिनींनी, नंतर सांगितलं की रविवारी पावणेतीनलाच ते टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसत आणि तोंडासमोर पेपर धरत. तीन ते पाच एकच पान. सोमवारी वहिनींच्या हाती भिंतीवरून निरोप यायचा, "ते म्हणतात आवाज कमी ठेवत जा." मनोहरभाऊंचं उत्तर जायचं, "पाहायची जबरदस्ती आहे का म्हणा." दोघंही एकाच मातीचे, हट्टी आणि तुसडे.

मग पाचवा भाग आला. महिनाभर मनोहरभाऊ शुभेच्छांच्या अध्येमध्ये सांगत होते की शेवटच्या भागात मोठा आपली चूक कबूल करेल, कराच लागेल, दुसरा रस्ताच नाही. सीडी त्यांनी पाहिलेली नव्हती, नेहमीसारखी. त्या रविवारी गल्लीत शुकशुकाट होता. आमच्या घरी अकरा जण जमले होते. पावणेदोन तास झाले, दोघं कड्यावर आले. खाली समुद्र. कॅप्टनचा पाय घसरला आणि तो कड्याला लोंबकळला. मनोहरभाऊंचा आवाज चढला, "आता बोलते! पाहा, आता मोठा बोलते!" कॅप्टन खरंच काहीतरी बोलला. हिरो खाली वाकला.

आणि पडदा काळा झाला.

वीज गेली म्हणावं तर पंखा चालू होता. माइकही चालू होता, त्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. बराच वेळ. मग मनोहरभाऊ म्हणाले, "सीडी खराब आहे," आणि माइक बंद झाला.

गल्लीनं त्यांना खाऊन टाकलं. लोक गच्चीवर गेले, सीडी पुसून देतो म्हणाले, दुसरी आणू म्हणाले. त्यांनी ती सीडी सगळ्यांदेखत मोडली. "पुढं काय होतं?" असं जो विचारेल त्याला शिव्या. आम्ही पोरांनी मग शेवट आपापले लावून घेतले, पुढे शाळा सुटली, नंदनवन सुटलं. पडद्यावरचे ते दोघे भाऊ मात्र डोक्यात राहिले.

दुसऱ्या दिवशी शालूवहिनी भिंतीशी आल्या होत्या. हे मला आईनं अलीकडे सांगितलं, ती तेव्हा तिथे कोथिंबीर मागायला उभी होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे विचारून राहिले, शेवटी काय झालं?" सात वर्षांत श्रीधररावांनी भावाला विचारलेली ही पहिली गोष्ट. मनोहरभाऊंनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "ज्याले पाहिजे त्यानं येऊन विचारावं म्हणा. दहा पावलं तर आहेत." श्रीधरराव आले नाहीत. मनोहरभाऊ गेले नाहीत. आणि ती दहा पावलं तशीच पडून राहिली.

श्रीधरराव तीन वर्षांपूर्वी वारले. मनोहरभाऊ घाटापर्यंत लोकांच्या मागे मागे चालत गेले म्हणतात, पण त्याआधी घराच्या फाटकाच्या आत त्यांनी पाय ठेवला नाही. अर्धा दिवस रस्त्यावर उन्हात उभे होते. कोणी खुर्ची दिली तर म्हणाले, "मी काय पाहुणा आहे का?"

हे सगळं आईकडून ऐकून झालं होतं, आणि तरीही पाचही भाग पाहिल्यावर पुढच्या रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन मी मनोहरभाऊंकडे गेलो. काहून गेलो, ते खरं सांगतो. मला त्यांची चूक त्यांच्या तोंडावर मारायची होती. ऑफिसात माझं हसं झालं होतं आणि मला कोणावर तरी ते काढायचं होतं. छत्तिशीचा माणूस, पाठीवर गरुड.

मनोहरभाऊ पुढच्या खोलीत बसले होते. केबलचं काम आता नावापुरतं उरलं आहे. समोर जुन्या रिमोटचा ढीग, एकातून सेल काढून दुसऱ्यात घालणं चाललं होतं. केस पांढरे झाले आहेत, पण विंचरलेले. बाजूला पलंगावर शालूवहिनी लसूण सोलत होत्या. मनोहरभाऊंच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून दुपारचं कालवण वहिनीच घेऊन येतात.

"काय करून राहिला आजकाल?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे दुसऱ्याच्या कंप्युटरचं तेलपाणी," ते म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. "भाऊ, ते दोघं भाऊ नव्हतेच," मी म्हणालो. "आणि सीडी खराब नव्हती. हा पाहा शेवट."

त्यांनी हातातला रिमोट ठेवला आणि चष्मा लावला. कड्यावरचा सीन सुरू झाला. कॅप्टन लोंबकळतो. "मला वर घे, अंडी तुझी," असं तो म्हणतो. हिरो वाकतो, त्याच्या डोळ्यांत पाहतो, आणि त्याची बोटं एकेक करून कड्यावरून सोडवतो. कॅप्टन पडतो. समुद्रात पांढरा फेस उठतो. मागे बँड वाजतो.

मनोहरभाऊंना त्यात काही नवं दिसल्यासारखं वाटलं नाही. आणि मग मला जे आधीच कळायला हवं होतं ते कळलं. चोवीस वर्षांपूर्वी गच्चीवर त्यांनी ते वाकणं पाहिलं होतं, आणि पुढे काय होणार ते ओळखलं होतं. भिंतीपलीकडे थोरला भाऊ पेपर धरून ऐकत बसला होता. धाकल्यानं मोठ्याला समुद्रात लोटलं, हे त्या माइकवर कसं म्हणणार होते ते? हा हलकटपणा मी काय म्हणून करून बसलो, असं मला वाटलं. लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला.

वहिनी लसूण सोलायच्या थांबल्या होत्या. त्यांना पलंगावरून पडदा धड दिसत नव्हता, इंग्रजी येत नव्हतं. "तोच का गा हा सिनेमा?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. मग त्या मनोहरभाऊंकडे वळल्या. "भाऊजी, मग काय झालं शेवटी?"

मनोहरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. बोललास तर जीभ हासडीन, असं ते पाहणं होतं. मग चष्मा काढून म्हणाले, "काय होते? मोठा घसरला. धाकल्यानं हात दिला. वर ओढला त्याले."

"आणि मोठा बोलला का काही?"

"बोलला ना. वर आल्याबरोबर पहिले शिव्या दिल्या. म्हणे, इतका उशीर काहून केला बे, हात दुखून आले माझे."

वहिनी हसल्या. पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "हेही असंच म्हणायचे. म्हणायचे, सीडी खराब नाही वं, मन्या नाटक करून राहिला. धाकल्यानं त्याले वर घेतलंच असणार, मले माहीत आहे माझा भाऊ."

मनोहरभाऊ रिमोटचा सेल काढून पुन्हा त्याच रिमोटात घालत राहिले. दोनदा उलटा बसला. मला मान वर करायची हिंमत झाली नाही, आणि त्या वेळी मला इंग्रजी येत होतं याची मनापासून लाज वाटली.

थोड्या वेळानं वहिनी वाट्या गोळा करून उठल्या. मनोहरभाऊही उठले. "थांबा वहिनी, डबा जड आहे," म्हणाले. डब्यात लसणाची सालं होती. मी दारातून पाहत होतो. दोघं गल्लीत उतरले, भिंतीला वळसा घालून पलीकडच्या फाटकाशी गेले. वहिनी पुढे आत शिरल्या. मनोहरभाऊ बाहेर उभे राहिले, डबा छातीशी धरून. मला वाटलं, तिथूनच देतील आणि वळतील.

त्यांनी फाटक ढकललं. ते करकरलं.

"तेल नाही घालत का कोणी याले?" ते मोठ्यानं म्हणाले, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. मग आत गेले, पायरीशी वाकले आणि चपला काढू लागले.